टोचलेल्या कानाचा रोमन

मास्ट्रिख्ट, ९ ऑक्टोबर २०१६

दादा,

तू फोन उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा उमटतात, उत्तर येत नाही. म्हणून कागद. कागद फाडायचा म्हटलं तरी आधी हातात घ्यावा लागतो.

सोबत एक कात्रण पाठवते आहे. इथल्या वर्तमानपत्रात माझा फोटो आला आहे. पान सात, पण फोटो रंगीत. मथळ्याचा अर्थ असा: ‘पूर्वज घडवणाऱ्या घराण्यातली लेक रोमनांना चेहरे देते.’ मजकूर डच आहे, तो वाचायची तसदी घेऊ नकोस. फोटो पाहा. हातात मेणाचा मुखवटा आहे, तो मी केलेला. मागे दाढीवाला उभा आहे तो यूप, आमच्या म्युझियमच्या कार्यशाळेचा प्रमुख.

आठ वर्षांपूर्वी मी अरुणच्या व्हिसावर इथे आले, तेव्हा मला कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर मी म्हणायचे, माझे मिस्टर आइंडहोवनला चिप-मशीनच्या कंपनीत आहेत. आता कुणी विचारलं तर मी माझं सांगते. आधी डच शिकले. मग या म्युझियममध्ये फुकट काम केलं, तुटक्या खापरांना नंबर घालायचं. एकदा प्लास्टरच्या साच्यात हवा राहिली होती, ती मी बाहेरून टिचकी मारून ओळखली. यूप म्हणाला, तुम्ही हे कुठे शिकलात? तिथून पुढे आठवड्याचे तीन दिवस पगारी काम.

तुला आवडेल असं एक सांगते. जुन्या रोममध्ये मोठ्या घराण्यांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे असत. घरात शिरल्याबरोबरच्या चौकात लाकडी कपाटं, त्यात आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. सणाला कपाटं उघडायची. घरात कुणी गेलं की ते मुखवटे माणसांच्या तोंडावर चढवून अख्खं घराणं मिरवणुकीनं न्यायचं, म्हणजे मेलेल्याला पोचवायला त्याचे मेलेले वाडवडील पुढे चालायचे. क्युरेटर मार्यन हे सगळ्यांना समजावून सांगत होती आणि लोक ‘अरे वा’ करत होते. मी म्हटलं, आमच्याकडे नाशकात धुळवडीला हेच होतं. देवघरातले वीरांचे, म्हणजे आमच्या पूर्वजांचे, टाक ताटात घेऊन वाजतगाजत गोदेवर न्यायचे, आंघोळ घालायची, परत आणायचे. आणि ते टाक आमच्या दुकानात घडतात, चार पिढ्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मार्यननं वही काढली.

फरक एकच. आपल्या टाकांवरच्या सगळ्या वीरांचा चेहरा एकसारखा, घोडा आणि तलवार एकसारखी. रोमनांना मात्र सुरकुती न् सुरकुती हवी असे. टक्कल, वाकडं नाक, ओघळलेली हनुवटी, सगळं दगडात जसंच्या तसं. म्हातारपण लपवायचं नाही, मिरवायचं.

मार्चमध्ये प्रदर्शन आहे. ‘घरातले चेहरे’ असं त्याचं नाव. सगळे मेणाचे मुखवटे माझ्या हातचे.

सरलावहिनीला नमस्कार. उत्तराची वाट पाहत नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू.

वृंदा


मास्ट्रिख्ट, २० नोव्हेंबर २०१६

दादा,

उत्तर नाही, पण वहिनीनं कळवलं की कात्रण तू घडी घालून दुकानाच्या खणात ठेवलं आहेस. एवढ्यावर मी आठवडाभर सायकल हवेत चालवली.

आज जे सांगणार आहे ते दुकानात बसूनच वाच. तुला कळेल, इथल्या प्रोफेसरांपेक्षा लवकर कळेल.

आमच्याकडे एक संगमरवरी डोकं आहे. इथल्या एका जुन्या घराण्यानं साठ वर्षांपूर्वी म्युझियमला दिलेलं. म्हातारा रोमन, कपाळावर आठ्या, ओठ घट्ट मिटलेले. कॅटलॉगात त्याला ‘कठोर कुलपुरुष’ म्हटलं आहे. शाळेच्या पोरांना आधी तोच दाखवतात. यूप रोज सकाळी त्याला ‘गुड मॉर्निंग, मेनीर’ म्हणतो. मेनीर म्हणजे श्रीयुत.

प्रदर्शनासाठी त्याचा साचा करायचा होता, म्हणून गेल्या मंगळवारी तो काचेतून बाहेर काढून माझ्या टेबलावर आणला. साच्याआधी सगळीकडून बोटं फिरवायची, कुठे खाच आहे, कुठे साचा अडकेल ते पाहायचं. पातळ हातमोजे घातले आणि डोळे मिटले. मला तसंच शिकवलं आहे. डोळे फसवतात, अंगठा फसवत नाही.

डाव्या कानाच्या पाळीवर अंगठा थांबला. बारीकसा खळगा होता. उजव्या पाळीला पाहिलं तर तिथेही, त्याच जागी.

मी म्हटलं, “यूप, याचे कान टोचलेले आहेत.”

“दगडाला खड्डे असतात, वृंदा.”

“दोन्ही कानांना? मापून एकाच जागी?”

“किडा असेल.”

“संगमरवराला?”

तो उठून आला. चष्मा कपाळावर सरकवला आणि पाहत राहिला. म्हणाला, “रोमन पुरुष कान टोचत नसत.”

“मग हा पुरुष नाही,” मी म्हटलं.

दादा, हे तोंडातून गेलं आणि माझं मलाच भ्यायला झालं. चाळीस वर्षं काम केलेला माणूस समोर, आणि मी खापरांना नंबर घालणारी. पण एकदा शंका आली की हात थांबत नाही. मानेमागे बोटं नेली. पुढचं सगळं काम मऊ, सावकाश केलेलं. मागे केसांच्या खाली मात्र एक फुगवटा, त्यावर घाईघाईचे आडवे छिन्नीचे फटके. तिथे आधी काहीतरी होतं आणि ते नंतर उतरवलं होतं. गालांवरही तसंच. आठ्या वरवर कोरलेल्या, पण खालचा गाल भरलेला. वेगळा हात, वेगळी छिन्नी, वेगळा स्वभाव.

यूपनं पडदे ओढले आणि बॅटरी अगदी गालाला टेकवून आडवा उजेड टाकला. मानेमागे अंबाड्याची गोल कड दिसली. पुसट, पण अख्खी.

त्यानं बॅटरी विझवली. मग खुर्चीत बसला आणि म्हणाला, “चाळीस वर्षं मी या माणसाची धूळ पुसतो आहे. उद्या सकाळी काय म्हणू? मेव्राऊ?” मेव्राऊ म्हणजे बाईसाहेब.

कुणीतरी एका बाईचा पुतळा घेतला, अंबाडा छाटला, आठ्या खोदल्या आणि नवऱ्याला, बापाला की आणखी कुणाला तिच्या जागी बसवलं. मार्यन म्हणाली की दगड महाग होता, रोमन लोक जुनी डोकी पुन्हा कोरून वापरत. बाईचा पुरुष केलेला मात्र क्वचित सापडतो. आता विद्यापीठातून जाणकार येणार आहेत.

मला झोप लागत नाही. पण ही वेगळी जाग आहे. छाती भरून आलेली.

वृंदा


मास्ट्रिख्ट, १८ डिसेंबर २०१६

दादा,

जाणकार आले, दोन दिवस राहिले, यंत्रं लावली. मी म्हटलं तेच निघालं. आधीचं काम बाईचं, साधारण साठीच्या पुढची. पुरुष नंतर. मार्यननं सगळ्यांसमोर सांगितलं की प्रदर्शनाच्या पाटीवर लिहायचं, ‘हे प्रथम ओळखलं ते कार्यशाळेतल्या वृंदा यांनी’. माझं पूर्ण नाव येणार आहे. डच अक्षरांत, काचेच्या आत.

हे सांगायला पत्र लिहायला बसले होते. पण आज सकाळी वहिनीनं मला एक निमंत्रणपत्रिका पाठवली. तिला वाटलं मला आनंद होईल.

गावदेवीच्या देवस्थानानं माघी पौर्णिमेला कार्यक्रम ठेवला आहे. मुखवटा घडल्याला तेहतीस वर्षं झाली म्हणून दगडी पाटी. ‘हा चांदीचा मुखवटा नाशिकचे सुप्रसिद्ध कारागीर कै. हरिहर यांनी घडवला.’ अनावरण त्यांचे चिरंजीव उल्हास यांच्या हस्ते, म्हणजे तुझ्या.

दादा, तो मुखवटा अण्णांनी घडवलेला नाही. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. मी नऊ वर्षांची होते, तू पंधरा. अण्णा स्कूटरवरून पडले होते, उजवं मनगट प्लास्टरमध्ये, आणि देवस्थानाला दिलेली तारीख जवळ आली होती. लीलाआत्या माजघराचं दार लावून बसली. मी राळ तापवायला होते. पत्रा राळेवर बसवून तिनं अडीच महिन्यांत मागून ठोकून ठोकून देवी वर आणली. अण्णा शेजारी बसून पाहायचे. शेवटच्या दिवशी त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. मग दुकानात जाऊन गावकऱ्यांना म्हणाले, “झाला बरं का मुखवटा.” कुणी केला ते त्यांनी विचारलं नाही आणि अण्णांनी सांगितलं नाही. तिथून पुढे लोक लांबून लांबून अण्णांचं नाव विचारत दुकानात यायला लागले.

बाविसाव्या वर्षी विधवा होऊन परत आलेली बहीण. पुढची पंचवीस वर्षं निम्मे टाक तिच्या हातचे, आणि मागे ठसा अण्णांचा.

तू ती पाटी उघडू नकोस. खरं सांग.

इथपर्यंत लिहिलं आणि उठले. भांडी घासली. चैत्रालीनं डचमध्ये विचारलं, आई, रडतेस का, मी मराठीत म्हटलं, कांदा.

ते कात्रण खणातून काढ. तिसऱ्या परिच्छेदात माझं वाक्य आहे, अवतरणचिन्हांत. तुला डच येत नाही याचा मी फायदा घेतला. ते असं आहे: ‘ही कला मला माझ्या वडिलांनी शिकवली.’

अण्णांनी मला काही शिकवलं नाही. मुलीला शिकवायचं नसतंच. डोळे मिटून अंगठ्यानं बघ, हे आत्याचं. टिचकीनं हवा ओळख, हेही आत्याचं. त्या बातमीदार मुलीनं विचारलं, “तुम्हाला कुणी शिकवलं?” आणि मला वाटलं, विधवा आत्या, माजघर, राळ, कुठून सुरुवात करू. ‘वडील’ म्हटलं की एका शब्दात संपतं. छान दिसतं.

तेव्हा मी तुला उपदेश करायच्या लायकीची नाही. तरी करते आहे.

वृंदा


नाशिक, ८ जानेवारी २०१७

वृंदे,

पत्रं मिळाली. तिन्ही. अक्षर अजून तसंच आहे, वेलांट्या छताला लागलेल्या.

मला लिहायची सवय नाही. बिलाबाहेर मी काही लिहीत नाही. तरी लिहितो, कारण तू अर्धं जाणतेस आणि पूर्ण बोलतेस.

शहाऐंशी साली मी दुकानात बसायला लागलो. सतरा वर्षांचा होतो. गिऱ्हाईक मुखवट्याचं कौतुक करायचं, अण्णा मान खाली घालायचे. मला ते सहन होईना. एका दुपारी मी माजघरात जाऊन आत्याला म्हटलं, आज मी सांगून टाकणार. तिनं हातोडी खाली ठेवली. म्हणाली, “उल्हास, विधवेच्या हातचा देव कोण घेईल? आज सांगशील, उद्या लोक टाक परत आणून टाकतील. तुझी आई, तू, वृंदा, काय खाणार? हरिभाऊ दोनदा त्या गावाला निघाला होता सांगायला. मी त्याला देवघरासमोर शपथ घातली. आता तुलाही घालते.” माझा हात धरून देवावर ठेवला.

तू आत्यासाठी भांडलीस. चांगलं केलंस. पण तू तिला विचारलं नव्हतंस. मी विचारलं होतं.

लोक समजतात अण्णांनी नाव खाल्लं. त्या माणसानं ते नाव पंचवीस वर्षं गळ्यात धोंड्यासारखं बाळगलं. शेवटच्या दुखण्यात आत्याला म्हणाले, “लीले, सोड आता शपथेतून.” ती म्हणाली, “तुझ्या पोरानं दुकान चालवायचं आहे अजून.”

तिच्या तेराव्याला तू सगळ्या भावकीसमोर काय बोललीस ते तुझ्या एकाही पत्रात नाही. मी विसरलेलो नाही.

तेव्हाच तू तिचा टाक कर म्हणालीस आणि मी नाही म्हणालो, ते शपथेत नव्हतं. ते रागानं म्हणालो. एवढं कबूल करतो.

माघीला अजून महिना आहे. मी काय करणार ते मला माहीत नाही. तुझ्या त्या दगडी बाईला नमस्कार. काम चोख केलंस. टोचलेला कान दुकानात बसणाऱ्यालाच दिसतो.

उल्हास


मास्ट्रिख्ट, २२ जानेवारी २०१७

दादा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मग मास नदीच्या पुलावर जाऊन उभी राहिले, थंडीनं कान लाल होईपर्यंत. अरुण शोधत आला. म्हणाला, “काय झालं?” मी म्हटलं, “दादाचं उत्तर आलं.” तो म्हणाला, “मग वर बघ की, खाली काय बघतेस!”

तेराव्याला मी जे बोलले ते लिहिते. कागदावर कधी लिहिलं नव्हतं, बहुतेक म्हणूनच. मी म्हणाले, “अण्णा आयुष्यभर बहिणीच्या हातावर जगले आणि तिला माजघरात कोंडून ठेवलं.” अण्णांना जाऊन वर्ष झालं नव्हतं. काका उठून गेले. तू दार उघडलंस आणि उघडं धरून उभा राहिलास. मी बॅग घेऊन निघाले. सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की दादानं मला घराबाहेर काढलं. कशासाठी काढलं ते सांगत नव्हते.

ते वाक्य खोटं होतं. मला तेव्हा माहीत नव्हतं, ही सबब नाही. विचारायला आत्या पुढ्यात होती, सव्वीस वर्षं होती. मी विचारलंच नाही. मला ती बिचारी हवी होती. ती तर सगळ्यांना हाताच्या तळव्यावर बसवून चालली होती.

आता पाटीचं. मी तुला काही सांगणार नाही. शपथ तू वाहिलीस, मी नाही. एकच विचारते, उत्तर मला नको, स्वतःला दे. तिनं शपथ घातली ती आपल्या ताटात भाकरी पडावी म्हणून. आता त्या ताटावर कोण बसलं आहे? तुझा मुलगा बंगलोरला, मी इथे. तुझ्यापुरतं तू कमावून आहेस. शपथ कुणाला वाचवते आहे?

तू जे करशील ते मी मान्य करीन. अनावरण केलंस तरी. हे खरं आहे.

वृंदा


मास्ट्रिख्ट, ५ मार्च २०१७

दादा,

माघी होऊन तीन आठवडे झाले. वहिनीला फोन केला तर म्हणते, “ते दादाच सांगतील.” मी विचारत नाही. मी माझं सांगते.

इथे मंगळवारपर्यंत कार्निव्हल होता. अख्खं गाव रंग फासून, मोठमोठी कागदी डोकी घालून तीन दिवस रस्त्यावर. त्यामुळे उद्घाटन गुरुवारी ठेवलं. मी आईची हिरवी पैठणी नेसले आणि सायकलवरूनच गेले. चैत्राली म्हणाली, “मामा, डाट कान एख्ट नीट,” म्हणजे आई, हे खरंच चालत नाही. पदर कमरेला खोचला, चाललं.

हॉलमध्ये दीडशे माणसं. एका भिंतीला लाकडी कपाटं, दारं उघडी, आत माझे मेणाचे मुखवटे. मधोमध ती. मार्यननं तिला पाठमोरी ठेवली आहे, म्हणजे आत येणाऱ्याला आधी मान आणि छाटलेला अंबाडा दिसतो, मग फिरून पुढे गेलं की आठ्या. आणि पाटीवर माझं नाव. चैत्रालीनं ते तीन वेळा मोठ्यानं वाचलं, तिसऱ्या वेळी माझ्या ओळखीच्या नसलेल्या माणसांना.

मला दोन मिनिटं बोलायला सांगितलं होतं. लिहून नेलं होतं. लिहिलेलं कोटाच्या खिशात राहिलं, कारण पैठणीला खिसा नसतो, कोट बाहेर टांगला होता. मग म्हटलं जे येईल ते.

मी म्हटलं, “रोमन घरांत बायकांचे मुखवटे ठेवायची रीत नव्हती. आमच्याकडेही वीर म्हणजे पुरुष. ऑक्टोबरमध्ये वर्तमानपत्रात मी सांगितलं की मला वडिलांनी शिकवलं. ते खरं नव्हतं. मला माझ्या आत्यानं शिकवलं. तिचं नाव लीलावती. ती नाशिकची सगळ्यात चांगली टाक घडवणारी कारागीर होती आणि हे फक्त पाच माणसांना माहीत होतं. आता दीडशेपाच.”

लोक हसले, मग टाळ्या वाजवल्या. ती बातमीदार मुलगी मागे उभी होती. मला वाटलं चिडेल. ती पुढे येऊन म्हणाली, “नाव कसं लिहायचं? एक एल की दोन?”

यूपनं बायकोच्या हातचा चेरीचा फ्लाय आणला होता, म्हणजे फळं भरलेला इकडचा मोठा गोल केक. सगळ्यांना वाटला. जाताना तो त्या डोक्यासमोर थांबला आणि हळूच म्हणाला, “गुड नाइट, मेव्राऊ.”

दादा, त्या संध्याकाळी मला एकाच माणसाची उणीव वाटली. तू असायला हवा होतास. त्या मानेवर तू अंगठा फिरवला असतास आणि म्हणाला असतास, हां.

वृंदा


नाशिक, १४ मार्च २०१७

वृंदे,

काल धुळवड झाली. आज दुकान बंद आहे म्हणून लिहितो.

माघीच्या आठ दिवस आधी मी गावाला गेलो. निघण्यापूर्वी देवघरासमोर उभा राहिलो आणि आत्याला सांगितलं, शपथ मोडतो आहे, रागवायचं तर माझ्यावर रागाव. तुझा प्रश्न डोक्यात होता. उत्तर सापडलं नाही असं झालं नाही.

मंडपात देवस्थानचे सात जण होते. मी उभ्यानंच सांगितलं. मुखवटा अण्णांनी नाही, त्यांच्या विधवा बहिणीनं घडवला. तिच्याच सांगण्यावरून आम्ही गप्प राहिलो. आज मी बोलतो आहे.

मग श्यामकांतराव, तिथले अध्यक्ष, म्हणाले, “उल्हासराव, आता हे उकरून काय मिळवलंत? उद्या कुणी म्हणेल मुखवटा बदला.” दोघांनी माना हलवल्या. मला वाटलं संपलं.

गुरवाची म्हातारी खांबाला टेकून वाती वळत होती. ती तिथूनच म्हणाली, “तेहतीस वर्षं रोज पहाटे मी त्या तोंडावरून हात फिरवते. मला केव्हाच वाटायचं, हे बाईनं केलंय. पुरुषाला बाईचा थकवा करता येत नाही. आणि बदलायचंच असेल तर आधी देवीला विचारा, ती काय सवाष्ण आहे का विधवा?” श्यामकांतराव हसायला लागले. मग सगळेच.

पाटी माघीला लागली नाही. नवा दगड कोरायला दिला. पहिलं नाव कुणाचं यावर पुन्हा वाद. ते म्हणाले, वयानं हरिहरराव मोठे. मी म्हटलं, हात ज्याचा तो पहिला. येत्या शुक्रवारी, रंगपंचमीला बसणार आहे. दोन्ही नावं. वहिनी तुला फोटो पाठवेल.

आत्याचा टाक केला. चांदीचा, तळहाताएवढा. तीन दिवस फक्त विचारात गेले. घोडा नको, ती कधी बैलगाडीतसुद्धा बसायला तयार नसे. बसलेली केली, एक गुडघा वर. हातात तलवार देणार कशी? हातोडी दिली. आणि तू लिहिलंस ना रोमनांचं, म्हणून सगळ्यांसारखा चेहरा केला नाही. हनुवटीवरचा मस घेतला. पुढचे दोन पडलेले दात घेतले. सरला म्हणाली, “देवघरात बोळकं तोंड?” मी म्हटलं, होय.

काल वीर निघाले. दरवर्षी मी आपलं ताट पदराआड झाकल्यासारखं नेतो, काल उघडं नेलं. ढोल, गुलाल, गर्दी. वाटेत जुन्या गिऱ्हाइकांतला एक जण वाकून बघतो आणि विचारतो, “हा कोणता वीर हो? घोडा कुठाय?” मी म्हटलं, “आमची आत्या. तुमच्या घरचा टाक बहुतेक तिनंच घडवलाय.” मला वाटलं तोंड फिरवील. त्यानं ताटाला हात लावून कपाळाला लावला.

गोदेवर आंघोळ घातली. मी निघणार, तेवढ्यात तोच माणूस त्याच्या बायकोला घेऊन आला. तिच्या हातात त्यांचा टाक. म्हणाली, “बघा ना, हा कुणाच्या हातचा?” मागे तर आपलाच ठसा. मी डोळे मिटले, अंगठा फिरवला. आत्याचा. तिला सांगितलं. ती जोरात ओरडली, “अगं बायांनो, इकडे या!” आणि मग, वृंदे, माणसं यायला लागली. ओले टाक घेऊन, एकामागोमाग एक. हा कुणाचा, आमचा कुणाचा. सरला शेजारी उभी राहून ओल्या टाकांना पदर लावून देत होती. ऊन उतरेपर्यंत मी त्या पायरीवरून हललो नाही. कंबर धरली.

एकोणीस टाक आले. बारा आत्याचे, पाच अण्णांचे. अण्णांचेही चांगले आहेत, हे तुला मुद्दाम सांगतो. एक आजोबांचा निघाला, झिजून गुळगुळीत झालेला.

आणि एक मला ओळखू येईना. तीनदा फिरवला. आत्याचा म्हणावा तर कड जाड, अण्णांचा म्हणावा तर गाल मऊ. ती माणसं वाट पाहत उभी. म्हटलं, कधी घेतलात? म्हणाले, चौदा साली, तुमच्याकडूनच. तुम्हीच केलात की!

बरा आहे गं. चांगला आहे.

उल्हास